भाट्याच्या चढावर तापलेली गाडी

आप्पा,

गुरुवारी मी घरापुढच्या खळ्यात, भर उन्हात, सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत गाडीचं बोनेट उघडलं आणि तिचा पाण्याचा पाईप कात्रीने कापला. तुम्ही असतात तर ओरडला असतात. नाही आहात, म्हणून निवांत सांगता येतंय. गाडी माझी आहे, माझ्या नावावर आहे. कुणीतरी वापरून सोडलेली, जुनी, पण तिच्यातूनच मी तुमच्या बायकोला आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला डायलिसिसला नेते आणि परत आणते. आईच्या किडन्या गेल्या हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती डोक्यावर हंडा आणि कमरेला कळशी घेऊन विहिरीची चढण दम न लागता चढत होती. आता तिला पाणी प्यायचं तर माझ्याकडे बघून प्यावं लागतं, आणि मी मान हलवली की ती भांडं खाली ठेवते. तिला हे आवडत नाही. मलाही नाही.

मंगळवारी दुपारी आम्ही परत येत होतो. मशीनवरून उठल्यावर आई पिळून ठेवलेल्या धुण्यासारखी असते. मागच्या सीटवर आडवी, डोक्याखाली माझी ओढणी. भाट्याचा पूल ओलांडला, सुरूचं बन मागे पडलं, चढ सुरू झाला आणि काटा हलला. गाडी चालवताना मी रस्त्याइतकीच काट्याकडे बघते. ही सवय मला कुणी लावलेली नाही, माझी मीच लावलीय. एरवी मधोमध असणारा काटा लाल रेघेकडे निघाला होता आणि आत गोडसर, काकवी उकळल्यासारखा वास येत होता. रेडिएटरचं पाणी कुठूनतरी जात होतं. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला. मार्च महिना, दुपारची वेळ, आणि आमच्या अंगावर भट्टीचं वारं.

आई डोळे न उघडताच म्हणाली, "जित्तेपणीच जाळतेस काय गो मला?"

"इंजिनाची उष्णता आपण वाटून घेतोय आई. तेवढीच त्याला कमी."

"घे बाय, घे. आपल्याला काय, सवय हाय."

चढाच्या वर एका काजूच्या सावलीला गाडी थांबवली. बोनेटच्या फटीतून वाफ येत होती. एक मोटारसायकलवाला थांबला, चांगला माणूस होता, म्हणाला, "ताई, झाकण उघडा आणि पाणी वता, चटकन थंड होईल," आणि हात पुढे केलाही. मी त्याचा हात धरला. अनोळखी पुरुषाचा हात, भर रस्त्यात. "गरम असताना त्याला कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं, आणि माझा आवाज ऐकून तो दोन पावलं मागे सरला. तुमच्या उजव्या हाताची मनगटापासून कोपरापर्यंतची ती चकचकीत, केस नसलेली कातडी मी लहानपणी रोज बघितलीय. जेवताना, दाढी करताना, आरतीचं ताट धरताना. ती कशी झाली ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी आईला विचारून घेतलं, गरम रेडिएटरचं झाकण उघडलंत तेव्हा. तुमच्याकडून जे काही शिकले ते असं, तुम्ही न सांगता.

थांबत थांबत घरी आलो. माझ्या नेहमीच्या मेकॅनिकला फोन केला तर मागे ढोल वाजत होते. "ताई, मी गावाला आलोय. पालखी हाय आमच्याकडं. शिमगा संपला की बघू." दुसऱ्याला केला, तो चिपळूणकडे, त्याच्याही घरी पालखी. शुक्रवारी सकाळी आईला पुन्हा मशीनवर बसवायचं होतं. चुकवलं की तिच्या पायांवर सूज चढते, मग छातीत पाणी होतं, मग ती रात्रभर उशीला टेकून बसून श्वास घेते. एकदा झालंय तसं, मला दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं. रिक्षा मिळाली असती, पण मागे एकदा रिक्षाने परत आणताना धक्क्यांनी तिचं प्रेशर इतकं उतरलं की मी तिला हाका मारत होते आणि ती माझ्याकडे बघत होती, पण तिला मी दिसत नव्हते. तेव्हाच ठरवलं होतं, गाडी घ्यायची. आणि ज्या दिवशी घेतली त्या दिवशी दुसरं ठरवलं, की तिच्या पोटात काय आहे ते मी समजून घेणार.

हे काही त्या दिवशी सुचलेलं नव्हतं, आप्पा. तुम्हाला आठवत असेल, मी दहावीला होते आणि एसटी डेपोच्या वर्कशॉपमध्ये तुमचा डबा घेऊन यायचे. तुम्ही खड्ड्यात उतरलेले, वर बसचं पोट, आणि मी काठावर उभी. तुम्ही हात वर करून पाना मागितलात. तुमचा हेल्पर शोधत बसला आणि मी हवा तो उचलून तुमच्या हातात दिला. तुम्ही न बघता घेतलात, चालवलात, मग तुमच्या लक्षात आलं की पाना देणाऱ्या हातात बांगड्या होत्या. वरून कुणीतरी हसून म्हणालं, "पोरगी तयार हाय की मेस्त्रीची!" सगळे हसले. मीही हसले. तुम्ही खड्ड्यातून वर आलात, चिंध्यांना हात पुसलेत, मला फाटकापर्यंत चालवत नेलंत आणि तिथे म्हणालात, "डबा द्यायचा आणि सरळ घरी जायचं. इथं थांबायचं नाय." तुमचा आवाज चढला नव्हता. तुम्हाला माझी लाज वाटली होती.

निकाल लागला तेव्हा मी म्हटलं, मला मोटर मेकॅनिकचं शिकायचंय. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तुम्ही माझ्याशी बोललाच नाहीत, तिच्याशी बोललात. "पोरीच्या नखात ग्रीस दिसलं तर कोण घेऊन जाईल हिला?" आणि पुढच्या पंधरवड्यात तुम्ही तुमच्या पुतण्याला, माझ्या चुलतभावाला, वर्कशॉपमध्ये उमेदवारीला लावलंत. मला शिलाई मशीन आणलंत. टेम्पोतून उतरवलंत, स्वतः तेल घातलंत, चाक फिरवून बघितलंत. तुमचा चेहरा किती खूश होता. आप्पा, यंत्रापासून लांब ठेवायला तुम्ही मला यंत्रच दिलंत! तुम्हाला हे कसं कळलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. पहिल्या पावसाळ्याच्या आत मी ते सगळं खोलून पुन्हा जोडलं होतं. ब्लाउज शिवले, पडदे शिवले, शाळेचे गणवेश शिवले, पण माझं नाव झालं ते वेगळ्याच कामाने. पावस गावापासून फणसोपपर्यंत कुणाचं शिलाई मशीन अडलं की मला बोलावणं येतं. टाका सुटतोय, दोरा तुटतोय, चाक जड झालंय, मी जाते, खोलते, बसवते. माझ्या नखात तेव्हापासून काळं आहे. लग्न तरीही झालं. टिकलं नाही, पण त्याचं कारण ग्रीस नव्हतं.

तर बुधवारी मी एसटीने रत्नागिरीत पार्टच्या दुकानात गेले. बंदरावरचा एक वयस्कर चाचा चालवतो. शिमग्यात तेवढंच एक उघडं होतं. "ताई, रोजा हाय माझा, चाय विचारत नाय, राग मानू नको," म्हणाला. मी म्हटलं, चहा राहू दे, ह्या गाडीचे रेडिएटरचे दोन्ही पाईप आहेत का बघा. फळीवरून धूळ झटकत त्याने शोधलं. वरचा होता, खालचा नव्हता. "कोल्हापूरहून मागवावा लागंल. आठवडा धर." मग मी वरचा पाईप, मोठ्या क्लिपा आणि इंजिन गार ठेवणाऱ्या हिरव्या कुलंटचा डबा घेतला. त्याने विचारलं, "करणार कोण? मेस्त्री तर सगळे गावाला गेले." मी म्हटलं, मी. त्याने माझ्याकडे बघितलं, पिशवीत एक क्लिप जास्तीची टाकली आणि म्हणाला, "पहिल्यांदा करताना एक तरी वाकडी होते."

गुरुवारी सकाळी पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना चिरे लावले आणि गोणपाट टाकून खाली सरकले. तेवढ्यात तुमचा पुतण्या आला. मुंबईत एका सोसायटीच्या सुरक्षेवर आहे, शिमग्याला दरवर्षी येतो. मी त्याला दादा म्हणते. कमरेवर हात ठेवून उभा राहिला, अगदी तुमच्यासारखा.

"बाय, हे काय चाललंय? बाहेर ये. बाईमाणसाचं काम हाय काय हे?"

"गाडी बाईमाणसाची आहे," मी खालून म्हटलं.

"रेडिएटर गेला असंल. पुरा बदलायला लागंल."

"बघू तर दे गेलाय की नाही."

वरच्या पाईपची क्लिप ओली होती. दादा म्हणाला तिथूनच गळतंय, मलाही तसंच वाटलं. पाईप नवा होताच, बदलून टाकला, क्लिपा आवळल्या, पाणी भरलं, गाडी चालू केली. आई पडवीत खुर्ची टाकून बघत होती. थोड्या वेळाने गाडीखाली पुन्हा हिरवट डाग पसरला. दादाने रेडिएटरचं नाव पुन्हा काढलं नाही, हे त्याचं चांगुलपण. मी मात्र तिथेच बसले. क्षणभर वाटलं, खरंच नाही हे आपलं काम. मग आठवलं, मशीनचा दोरा सुईपाशी तुटतो तेव्हा दोष बहुतेकदा सुईत नसतो, खाली बॉबिनमध्ये असतो. वरची क्लिप ओली होती, कारण समोरचा पंखा खालचं पाणी वर उडवत होता. मी फडक्याने सगळं कोरडं पुसलं, खाली जुनं वर्तमानपत्र पसरलं, गाडी पुन्हा चालू केली आणि नुसती बघत राहिले. पहिला थेंब कुठून येतो तेवढंच बघायचं. आला. खालच्या पाईपच्या इंजिनाकडच्या तोंडाला, क्लिपच्या अगदी कडेला, केसासारखी चीर होती आणि तिच्यातून सुईएवढी बारीक चिळकांडी उडत होती. बाजूला पांढरट-हिरवी पुटं साचलेली. म्हणजे कित्येक दिवस ते झिरपत होतं.

"दादा, रेडिएटर ठणठणीत आहे," मी म्हटलं. "पाईपचं टोक चिरलंय. बोटभर कापलं तरी लांबी पुरेल."

गाडी बंद केली. आता सगळं थंड होईपर्यंत थांबायचं. आणि थांबलो तोच ढोल जवळ आले. पालखी आमच्याकडे संध्याकाळी यायची होती, ती आधीच आली. मी धावत जाऊन हात धुतले, साबणाने, मग राखेने, मग पुन्हा साबणाने. नखातलं निघालं नाही. खण-नारळ, तांदूळ सुपात घेऊन बाहेर आले तर पालखी खळ्यात, उघड्या बोनेटच्या समोर. खांदेकऱ्यांमध्ये तुमच्याबरोबर डेपोत असणारे एक काका होते, आता पार वाकलेत, नुसता दांड्याला हात लावून चालतात. मी ओटी भरायला हात पुढे केले तेव्हा त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं, मग गाडीकडे, मग पुन्हा बोटांकडे. मी हात लपवले नाहीत, आप्पा. सावकाश ओटी भरली. एकेक मूठ तांदूळ. देवीला काही वावगं वाटलं असतं तर तिने सांगितलं असतं, तिला सांगायला तुमच्या डेपोची गरज नव्हती. आईला उठवत नव्हतं, म्हणून त्यांनी पालखी तिच्या खुर्चीपर्यंत वाकवली. तिने कपाळ टेकलं. जाताना काका म्हणाले, "पाणी भरल्यावर हवा काढायला विसरू नको. नायतर पुन्हा तापंल." एवढंच. माझ्याशी गाडीविषयी असं सरळ, कामाचं, डेपोतल्या कुणी बोलायची ही पहिली वेळ.

मग घमेलं खाली ठेवून उरलेलं पाणी काढलं. पाईप तोंडाला असा चिकटून बसला होता की निघेना. दादाने शर्ट काढून ठेवला, गोणपाटावर माझ्या बाजूला आला आणि दुसरं टोक धरलं. मी पिळत होते, तो ओढत होता. अचानक तो म्हणाला, "मला हे काम कधी आवडलंच नाय बाय. आप्पाकाकांनी नेलं म्हणून गेलो. डिझेलच्या वासानं रोज मळमळायचं. घरी सांगायची छाती नव्हती."

मी पिळायची थांबले. "आणि मी त्या वासासाठी डबा घेऊन यायचे."

दोघेही गाडीखाली पडल्या पडल्या हसलो, पण माझं हसू लवकर संपलं. आप्पा, ज्याला नको होतं त्याला तुम्ही हाताला धरून नेलंत, आणि जिला हवं होतं तिला हाताला धरून फाटकाबाहेर काढलंत. हे तुमच्या तोंडावर म्हणायला मला तुम्ही जिवंत हवे होतात. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरलाय. तो माझ्या कामाला येतो. गंजलेली क्लिप सुटत नाही तेव्हा हाताला जो जोर येतो तो त्याचाच असतो.

पाईप सुटला. चिरलेलं टोक मी जुन्या कात्रीने कापलं. नव्या कात्रीला मी कागदसुद्धा लावू देत नाही. पहिली क्लिप वाकडी झाली, चाचाने दिलेली जास्तीची उपयोगी पडली. कुलंट आणि बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मिसळून भरलं, गार इंजिनावर झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली, पाईप दाबत राहिले. बुडबुडे येत राहिले, पातळी उतरली की पुन्हा भरलं, शेवटी बुडबुडे थांबले. झाकण लावलं. काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला. पंखा आपोआप सुरू झाला, आपोआप थांबला. वर्तमानपत्र कोरडं होतं. घमेल्यातलं पाणी मी बाटलीत भरून ठेवलं आणि सांडलेलं धुऊन वर माती टाकली. ते गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. दादाने वर्तमानपत्र दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं आणि आईला ओरडून सांगितलं, "काकी, एक थेंब नाय!"

शुक्रवारी सकाळी आईला घेऊन निघाले. जाताना उतार असतो, तिथे कळत नाही. खरी परीक्षा परतीची. मशीन झालं, जेवणाचा डबा झाला, पूल ओलांडला. चढ लागला तशी मी गिअर उतरवला. आई यावेळी आडवी झाली नव्हती. बसून, पुढे वाकून, माझ्या खांद्यावरून काट्याकडे बघत होती.

"कुठपर्यंत चालतो तो?" तिने विचारलं.

"तिथेच राहिला पाहिजे."

राहिला. काजूचं झाड मागे गेलं, माथ्यावरचा कातळी सडा लागला, वारा आत आला. आई मागे टेकली. मग म्हणाली, "हे असते तर तुला बोनेटला हात लावू दिला नसता."

"नसता."

"मग नाहीत तेच बरं."

मी आरशात बघितलं. तिने तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. घरी पोचल्यावर तिने पहिल्यांदाच स्वतःहून माझा हात धरून बघितला, बोटं एकेक करून, आणि म्हणाली, "खोबरेल लाव. जरा तरी निघेल." मी म्हटलं, राहू दे.

आप्पा, खालचा पाईप कोल्हापूरहून येईल तेव्हा तोही मीच बसवणार आहे. मेकॅनिक आला तरी. तो आला की त्याला चहा देईन आणि काम बघायला बसवीन. तुमची परवानगी मागायला हे लिहिलेलं नाही. शिलाईच्या टेबलावर बसून, ब्लाउजचे कट काढायच्या खाकी कागदावर लिहितेय, आणि सोमवारी शेजारणीचं माप आलं की ह्याच कागदावर तिची बाही आखणार आहे. पाठवायचं असतं तर कुठे पाठवलं असतं, आणि तुम्ही वाचून तरी काय म्हणाला असतात.

पण एक गोष्ट सांगते. तुम्हालाच सांगता येईल अशी आहे, कारण गाडीतलं कळणारं आणि कुणापुढे बोलणार नाही असं दुसरं कुणी माझ्याकडे नाही. मला रिव्हर्स अजून नीट जमत नाही. गेल्या महिन्यात आपल्या घराच्या फाटकाच्या खांबाचा कोपरा उडाला तो माझ्यामुळे. आईला मी सांगितलंय, चिऱ्यांचा ट्रक घासून गेला.